सालगड्याची सुट्टी

माझे आजोबा आणि वडील, दोघंही माहूरगडाच्या पायथ्याशी सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला फिटायचं. रोख किती, ज्वारी किती, कपडे किती, सगळं ठरायचं. सुट्टीचं नाव निघायचं नाही. आजारपणाचा दिवस खाडा म्हणून मांडला जायचा आणि साल फिटताना तेवढे पैसे कापले जायचे. अंगात ताप असताना वडील औत धरायचे ते त्या खाड्यापायी. झोपेतसुद्धा दचकून उठायचे, बैल सुटले का म्हणून. त्या धास्तीला आमच्याकडे कुणी आजार म्हटलं नाही. मी म्हणतो.

बैलाची विश्रांती मात्र रीतीनं बांधलेली होती. अमावास्येला औत जुंपायचं नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण. जुवानं घासून केस गेलेल्या, घट्टा पडलेल्या खांद्याला वडील हळद-तूप चोळायचे, मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचे. पोळ्याला मालकाकडून त्यांनाही नवं धोतर आणि पुरणपोळी मिळे. पण गोठा, शेण, वैरण त्यांनाच बघावी लागे.

मुंबईच्या गिरण्यांतही आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार होता. म्हणजे आमच्या खाड्याचं उत्तर तेव्हाच लिहून झालं होतं! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

आमच्याकडे आजोबांच्या काळी पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा रविवार, अलीकडे निजामाच्या कचेऱ्यांना शुक्रवार. शुक्रवार रेणुकामातेचाही वार. आजोबा त्या दिवशी शेतातूनच गडाकडे हात जोडायचे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यानं सात दिवसांत एक दिवस विश्रांती ठरवण्याची मुभा सरकारला दिली, आणि त्या कायद्याच्या यादीत शेतीही होती. वडिलांना ते कुणी सांगितलं नाही.

आता सालगडी मिळत नाही म्हणून मालक हैराण आहेत, साल लाखावर गेलंय. जो कुणी यंदा पाडव्याला साल धरेल, त्यानं पैशाआधी आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाचे बिनखाड्याचे दिवस कागदावर लिहून घ्यावेत.