कावसजीच्या कपाळावरचा व्रण

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी गाडीवानाचे चित्र छापून आले. त्याचे नाव कावसजी. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा हा माणूस १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. नाक कापणे ही आपल्याकडे जखमेपेक्षा बेअब्रूची शिक्षा. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. अशी क्रिया पाहिलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे लेखात आहेत. या कारागिराचे नाही!

मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्या आकाराची कातडी सोडवायची. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्तपुरवठा तिच्यातूनच होतो. मग कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि कडा नाकाच्या खाचेत बसवायच्या. टाके नाहीत, कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, नंतर तूप. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

लेखात एक वाक्य आणखी आहे: कपाळावरचा व्रण कालांतराने फारसा दिसत नाही. आमच्या मते खरे कुतूहल इथे आहे. नवा व्रण लाल व टणक असतो. पुढे त्यातील जादा रक्तवाहिन्या घटतात, कोलॅजनचे तंतू नव्याने रचले जातात. याला वर्षही लागते. कावसजीचे चित्र दहा महिन्यांनी काढलेले होते.

दुसरी बाब ताणाची. १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँगरने प्रेतांच्या त्वचेला गोल टोच्याने भोके पाडली, तर ती लांबट झाली. त्वचा ठरावीक दिशांना ओढलेली असते. तिच्या आडवा छेद फाकतो, रेषेतला मिटतो. जिवंत चेहऱ्यावर सुरकुत्याच ही दिशा सांगतात. विद्यार्थ्यांना आरशासमोर कपाळ आकसायला सांगावे.

सैल चेहरा ताणण्याची शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये १९०१ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा त्वचाच ओढून शिवत. सगळा भार टाक्यांवर पडे आणि व्रण रुंदावे. १९७६ मध्ये मिट्झ व पेरोनी यांनी त्वचेखालच्या तंतुमय थराचे वर्णन केले. तेव्हापासून ओढ त्या थराला देता येऊ लागली. त्वचा नुसती टेकवून, कानापुढच्या घडीत व केसांच्या कडेला शिवता येते. सावळ्या त्वचेत व्रण फुगण्याचा धोका मात्र अधिक, त्यामुळे आपल्याकडचा शल्यचिकित्सक आधी रुग्णाचे जुने व्रण पाहतो.