कायरोप्रॅक्टिक

पाठीचा कणा व सांधे हातांनी दाबून किंवा त्यांना नेमका झटका देऊन दुखणे बरे करू पाहणारी पर्यायी उपचारपद्धती. जनक : डॅनिएल डेव्हिड पामर (७ मार्च १८४५–२० ऑक्टोबर १९१३).

पामर यांचा जन्म कॅनडात, टोरँटोजवळ झाला. १८६५ मध्ये ते अमेरिकेत आले. शिक्षकी, मधमाश्यापालन, किराणा दुकान असे व्यवसाय करून ते अखेर ‘चुंबकीय उपचारां’कडे वळले आणि आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे स्थिरावले. त्यांच्या इमारतीत साफसफाई करणारे हार्वे लिलार्ड यांना सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. अवघडून वाकले असताना पाठीत काहीतरी सटकले आणि तेव्हापासून ऐकणे गेले, असे त्यांचे म्हणणे होते. पामर यांनी १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा एक मणका दाबून जागेवर बसवला व श्रवण परत आले, असा दावा केला. ही कथा जपून वाचावी लागते : श्रवणाची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून नव्हे. लिलार्ड यांच्या मुलीनेही पुढे हा प्रसंग निराळाच सांगितला.

मणके दाबून उपचार करणे जुनेच. हाडवैद्य ते जगभर करत आले होते. मणक्यांच्या काटेरी व आडव्या टोकांचा तरफेसारखा वापर करण्याचे श्रेय पामर स्वतःकडे घेत. त्यांचे खरे वेगळेपण मात्र सिद्धांतात होते. शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असे ते शिकवत. जंतुविज्ञान रोगांची कारणे एकामागून एक उलगडत असतानाच्या काळात हे प्रतिपादन टिकणारे नव्हते. पद्धतीचे ग्रीक नाव सॅम्युएल वीड या धर्मोपदेशक रुग्णाने सुचवले.

१८९७ मध्ये पामर यांनी डेव्हनपोर्टला विद्यालय काढले. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. विद्यालय मुलगा बी. जे. पामर यांच्या ताब्यात गेले. पद्धतीचा खरा प्रसार त्यांनीच केला. पिता-पुत्रांचे पटले नाही. डॅनिएल पामर यांचा ग्रंथ १९१० मध्ये निघाला. मृत्यू लॉस एंजेलिस येथे झाला.

कंबरदुखीत या उपचारांचा काहीसा उपयोग होतो, पण तो व्यायामासारख्या इतर उपायांहून फारसा अधिक नाही. दमा, बहिरेपणा अशा विकारांवर उपयोग सिद्ध झालेला नाही. मानेला दिलेल्या झटक्यानंतर क्वचित धमनी फाटून पक्षाघात झाल्याचे आढळले आहे. म्हणून मानेवर असा उपचार घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भारतात आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील चिकित्सापद्धतींत कायरोप्रॅक्टिकचा समावेश नाही.