विद्यापीठाचा क्लाऊड आणि मालकीचा प्रश्न

विद्यापीठाने कोणता क्लाऊड घ्यावा, अशी चर्चा निघाली की ती थेट दरपत्रकावर जाते. पब्लिक स्वस्त, प्रायव्हेट महाग, हायब्रिड मधला. आम्ही विचारतो, मालक कोण?

हा प्रश्न जुना आहे. 1961 मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी म्हणाले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. 1964 मध्ये डार्टमाउथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी ते लहान प्रमाणावर करून दाखवले. एकाच यंत्राला अनेक टेलिटाइप जोडले, नवशिक्यांसाठी बेसिक ही भाषा घडवली. ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढावे तसा विद्यार्थ्याने संगणक वापरावा, ही त्यांची भूमिका. प्रणालीचा मोठा भाग विद्यार्थ्यांनीच लिहिला. म्हणजे वापरणारे आणि चालवणारे एकाच आवारातले. (अर्थात या 'सर्वांसाठी'मध्ये पदवीच्या विद्यार्थिनी नव्हत्या, त्यांना तिथे नियमित प्रवेश मिळाला 1972 मध्ये.) त्याच 1964 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 आला आणि बाहेरच्या संस्थाही त्यावर आपली गणिते सोडवू लागल्या.

पुढे यंत्रे स्वस्त झाली, प्रत्येकाने आपापला सर्व्हर मांडला. 2006 मध्ये ॲमेझॉनने साठवण आणि संगणन भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने विद्यार्थ्यांची ईमेल गुगलकडे सोपवली. फुकट! मग जगभर रांग लागली. 2021 मध्ये गुगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करण्याचे जाहीर केले आणि संपूर्ण संस्थेला मिळून 100 टेराबाइटची मर्यादा घातली. पन्नास हजार विद्यार्थी असतील तर माणशी 2 जीबी.

अमेरिकेच्या मानक संस्थेने 2011 मध्ये क्लाऊडचे चार प्रकार नोंदवले. त्यातला 'पब्लिक' म्हणजे सार्वजनिक मालकीचा नव्हे, कुणालाही भाड्याने मिळणारा. मालक बहुधा खाजगी कंपनीच. या शब्दाने आपल्याकडे अनेकांना गंडवले आहे.

म्हणून आपल्याच खोलीतला सर्व्हर पवित्र, असे आम्ही म्हणत नाही. बॅकअप नाही, एसी बंद, सांभाळायला एक कंत्राटी तंत्रज्ञ. ही प्रायव्हेट क्लाऊडची थट्टा आहे. निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकदम आले तर त्या दिवसापुरती भाड्याची क्षमता घ्यावी, त्यात काही गैर नाही. पण जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीच्या नोंदी हा वेगळा ऐवज आहे. तो कुणाला दिसतो, यावर वर्गातली वागणूक ठरते, हे आमच्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको.

यासाठी चौथा प्रकार उरतो, ज्याकडे निविदा काढणारे क्वचितच बघतात: समान गरजेच्या संस्थांनी मिळून चालवायचा कम्युनिटी क्लाऊड. विद्यापीठांना जोडणारे राष्ट्रीय ज्ञान जाळे 2010 पासून मंजूर आहे. चार-पाच विद्यापीठांनी माणसे आणि यंत्रे एकत्र केली, तर एकेकट्याला न परवडणारा पगारी, कायम तंत्रज्ञवर्ग ठेवता येईल. आणि भाडेकरार करायचाच असेल, तर सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने परत मिळणार, हे कलम सही करण्याआधी विद्यार्थी प्रतिनिधींसमोर वाचले जावे.