राणीछाप रुपयाची पारख

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर हळदकुंकू वाहून जो राणीछाप रुपया दरवर्षी मांडला जातो, त्याच्या मुद्रेकडे निरखून पाहण्याची तसदी आपल्याकडे क्वचितच कोणी घेतो. परंतु नाण्याचा ठसा ओळखणे ही हौस नसून दरबारी कामगिरी होती, असाही काळ या मुलखाने पाहिला आहे. कडेगाव आणि भोवतालचा खानापूरचा प्रदेश, जो पूर्वी सातारा जिल्ह्यात, १९४९ नंतर दक्षिण साताऱ्यात आणि १९६० पासून सांगली जिल्ह्यात मोडतो, त्याच्या गावगाड्यातही अन्य देशभागाप्रमाणे पोतदाराला स्थान होते. हा पोतदार बहुधा सोनार असे. वसुलाच्या हप्त्यात आलेला रुपया खरा की खोटा, कोणत्या टांकसाळीचा आणि कितपत झिजलेला, याचा निवाडा तो करी आणि त्याच्या निवाड्यावर रयतेला किती बट्टा सोसावा लागणार हे अवलंबून राही.

त्याचे काम सोपे नव्हते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये एकाच बाजारात फिरत. त्यांतील बहुतेकांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, आणि मराठ्यांची खूण म्हणावी तर कोपऱ्यातला एखादा अंकुश. शिवाय ठसा चांदीच्या चकतीहून मोठा आणि घाव हाताने घातलेला, त्यामुळे एका नाण्यावर लेखाचा वरचा तुकडा उमटे तर दुसऱ्यावर खालचा. एकाच ठशाची दोन नाणीही जुळ्या भावांसारखी दिसत नसत.

कंपनी सरकारने १८३५ साली एकसमान रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक तोळा, आणि चांदी बारा भागांत अकरा. यंत्राने पाडलेल्या या नाण्याने पोतदाराची विद्या निरुपयोगी केली, असा समज होणे स्वाभाविक आहे. माझ्या मते तो अर्धाच खरा. कारण यंत्राला लागणारे ठसे अखेर माणसेच कोरीत, आणि ठसा झिजला की नवा घडवावा लागे. १८४० हा एकच सन धारण करणारे रुपये हाताशी घ्यावेत: काहींवर व्हिक्टोरिया राणीचे नाव तिच्या मस्तकावरून अखंड कमानीसारखे गेलेले आहे, तर काहींवर मस्तकाच्या दोन बाजूंना दुभंगलेले. ही दुसरी तऱ्हा पुष्कळ मागाहून पाडली गेली, सन मात्र जुनाच राहिला. भिंगाखाली मानेच्या कडेशी विल्यम वायन या कोरणाऱ्याची आद्याक्षरे दिसतात, आणि मागच्या पुष्पमालेतील फळे मोजू लागले की त्यांचीही संख्या नाण्यागणिक बदलते. १८६२ सनाची कथा याहून विलक्षण. तो सन १८७४ पर्यंत गोठूनच राहिला. तेव्हा कोणते नाणे केव्हाचे हे कळावे म्हणून मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूवर बारीक ठिपके देण्याची युक्ती काढली. हे ठिपके वाचता आले की तारीख हाती लागते, न आले तर सारे रुपये सारखेच.

पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तेथे डुक्कर दिसले; गहजब झाला, बरीच नाणी परत घेऊन वितळवावी लागली, आणि १९१२ पासून हत्तीला सुस्पष्ट सोंड लाभली. अमेरिकेच्या १८७८च्या ‘मॉर्गन’ या चांदीच्या डॉलरवरही गरुडाच्या शेपटीला आधी आठ आणि मग सात पिसे दिली गेली. त्या मॉर्गन डॉलरच्या ठशांचे भेद तेथे व्हॅन ॲलन आणि मॅलिस या दोघांनी क्रमांक देऊन इतके बारकाईने लावले, की संग्राहक आजही त्याच क्रमांकांनी बोलतात.

या साऱ्याचा कडेगावशी संबंध एका निराळ्याच वाटेने येतो. दुष्काळी टापूतून बाहेर पडून खानापूर, आटपाडी, कडेगावच्या माणसांनी देशभरच्या सराफपेठांत गलाईचा धंदा मांडला. मूस, भट्टी आणि तेजाब यांच्या जोरावर सोन्याचांदीतील हीण काढून टाकणे हा तो धंदा. गलाईवाल्याच्या लेखी रुपया म्हणजे तोळाभर चांदी, त्यावर राणी असो वा राजा. त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण सरकारही तेच करीत होते: १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, पुढे व्हिक्टोरियाची नाणी चलनातून काढली, आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. घराघरांतून मुशीत गेलेल्या राणीछाप रुपयांत ठिपक्यांचे कोणते मुंबई रुपये वितळून गेले, याचा हिशेब कोणाच्याही वहीत नाही.

म्हणून गलाईचा वारसा सांगणाऱ्या आणि देव्हाऱ्यात रुपये जपणाऱ्या अशा दोघांनाही विनंती एवढीच, की जुना रुपया मुशीत टाकण्यापूर्वी वा त्याला कडी डाखून माळेत ओवण्यापूर्वी त्याचा सन, नावाची मांडणी आणि मागचे ठिपके दहापट भिंगाने एकदा पाहावेत, आणि चिंच-राखेने त्याला मुळीच घासू नये. घासलेल्या नाण्याला जाणकार संग्राहक बहुधा मोडीच्या चांदीहून अधिक भाव देत नाही.