मिठाचे कुंपण : अवघड जमिनीवरील झुडपांच्या निवडीचा एक इतिहास

शेताला किंवा बागेला काटेरी झुडपांची वई, म्हणजेच जिवंत कुंपण, घालण्याची रीत भारतात जुनी आहे. परंतु निकस, कोरड्या किंवा पुराच्या जमिनीत कोणते झुडूप तग धरते याची फार मोठ्या प्रमाणावरील परीक्षा एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारच्या जकात खात्याने घेतली, आणि तीही मिठावरील कर बुडू नये म्हणून.

मुंबई इलाख्यात समुद्रकाठच्या मिठागरांवरच मिठाचा कर वसूल करता येत असे. उत्तर हिंदुस्थानात मात्र सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणे संस्थानांच्या हद्दीत असल्यामुळे, तेथून येणारे मीठ वाटेत अडवण्यासाठी सरकारने अंतर्गत जकात रेषा आखली होती. 1869च्या सुमारास ही नाकेबंदी सिंधू नदीपासून बुऱ्हाणपूरच्या परिसरातून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैल, म्हणजे 3,700 किलोमीटर, पसरली होती आणि तिच्यावर जवळपास 12,000 माणसे नेमलेली होती. चौक्यांमधील मोकळ्या जागा बंद करण्यासाठी प्रथम तोडलेल्या काटेरी फांद्या रचून सुके कुंपण घालण्यात आले. पण वाळवी ते पोखरी, वादळ उडवून नेई आणि वणवा जाळून टाकी. एका मैलासाठी सुमारे 250 टन काटेरी फांद्या लागत आणि त्यांतील निम्म्या दरवर्षी नव्याने आणाव्या लागत.

1867मध्ये या खात्याचे आयुक्त झालेले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हा खर्च पाहून जिवंत कुंपणाकडे लक्ष वळवले. ह्यूम हे पक्षिशास्त्राचे गाढे अभ्यासक होते, आणि एकच झुडूप सर्वत्र लावण्याचा आग्रह न धरता त्यांनी निरनिराळ्या माती-हवामानात देशी काटेरी झुडपांची पारख करून पाहिली. सर्वाधिक वापर बोरीचा झाला, कारण तिची मुळे खोल जातात आणि आकड्यासारखे काटे वाट रोखतात. तिच्या जोडीला बाभूळ, करवंद आणि थोराचे काही प्रकार आले. थोर आपल्या मांसल खोडात पाणी साठवून दुष्काळ काढतो आणि त्याच्या दाहक चिकामुळे गुरे त्याला तोंड लावत नाहीत. हिसारच्या काही भागांत, जेथे दुसरे काहीच जगेना, तेथे फड्या निवडुंग लावण्यात आला, तर अन्य काही ठिकाणी बांबूचा आधार घेण्यात आला.

केवळ झाड निवडून काम भागले नाही. जेथे माती निकस होती तेथे ती खणून काढून चांगली माती भरण्यात आली. पूर येणाऱ्या सखल भागात उंच बांध घालून त्यावर लागवड झाली. विहिरींचे आणि चरांमध्ये साठवलेले पावसाचे पाणी रोपांना देण्यात आले. इतके करूनही सलग हिरवी भिंत सर्वत्र उभी राहिली नाही. 1878पर्यंत 800 किलोमीटरहून अधिक लांबीवर जिवंत झुडपे वाढली होती. उरलेल्या अंतरावर सुके कुंपण, दगडी भिंत किंवा खंदक यांवरच भागवावे लागले.

पुढे सरकारने सांभर सरोवर भाडेपट्ट्याने ताब्यात घेतले, प्रांतोप्रांतीच्या करांच्या दरांतील तफावत कमी केली, आणि 1 एप्रिल 1879 रोजी ही रेषा मोडीत काढली. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ महाग करणाऱ्या व्यवस्थेसाठी एवढे वनस्पतिज्ञान आणि एवढे श्रम वेचले गेले, हे या इतिहासातील मोठे दुःख आहे. देखभाल थांबताच कुंपणही विरले. कोठे ते शेतीखाली गेले, तर कोठे त्याच्या कडेच्या वाटेचा रस्ता झाला.

तरीही त्या लागवडीतून मिळालेला धडा आजही उपयोगी आहे. मुरमाड, खारवट किंवा पाणथळ कोपऱ्यात झाड लावू पाहणाऱ्याने आधी तेथील माती, पाणी आणि वारा पाहावा, त्या परिसरात आपोआप वाढलेली झुडपे ओळखावीत, आणि मगच रोप निवडावे. कारण साम्राज्याच्या हुकुमालाही जमिनीच्या स्वभावापुढे नमते घ्यावे लागले होते.