जोडीचा गडी

कबनुराहून इचलकरंजीस जाणाऱ्या रस्त्यावर पहांटे दोन प्रकारचे सायकलस्वार आम्हांस भेटतात. एक रात्रपाळी करून घरीं परतणारा यंत्रमाग कामगार. त्याच्या सायकलीस जेवणाचा डबा लटकत असतो. दुसरा अंगासरसा पोषाख केलेला, मनगटावरील घड्याळाकडे क्षणोक्षणीं पाहणारा गृहस्थ. ह्या दुसऱ्या वर्गांत वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं आमचीहि भर पडली आहे. त्याचें कारण ट्रायथलॉन नांवाची शर्यत. आधीं पोहावयाचें, मग सायकल हांकावयाची, मग धांवावयाचें, आणि मध्यें विसांवा म्हणून नाहीं.

ही शर्यत वयानें आमच्याहून लहान आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें मिशन बे ह्या उपसागराच्या कांठीं ४६ जण तींत उतरले. १९७८ च्या फेब्रुवारींत हवाईच्या ओआहू बेटावर जॉन व ज्यूडी कॉलिन्स ह्या दांपत्यानें तिला अचाट रूप दिलें. समुद्रांत सुमारें ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटीं पुरी मॅरेथॉन. ‘आयर्नमॅन’ ती हीच. पंधरा निघाले, बारा पोहोंचले. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें ट्रायथलॉनास प्रवेश मिळाला, आणि २० ऑक्टोबर २०१९ रोजीं निम्म्या अंतराची आयर्नमॅन गोव्यांत प्रथम सुटली. तेव्हां ती आमच्या मुलखाला घाट उतरण्याइतकी जवळ आली.

आम्हीं पत्करलेली शर्यत पुष्कळच लहान, परंतु डोंगराळ होती. पोहणें आम्ही लहानपणीं पंचगंगेंत शिकलों. आज गांवोगांवचें सांडपाणी पोटांत घेणाऱ्या त्याच नदींत उतरण्याची छाती होत नाहीं, म्हणून सराव तलावांत करावा लागला. चढाचा सराव जोतिबाच्या डोंगरावर. डोंगराचा एक गुण तेथें ध्यानीं आला. सपाटीवर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणून लाखोंच्या सायकली हवा कापण्याच्या बेतानें घडविलेल्या असतात. चढावर वेग ताशीं दहा-बारा किलोमीटरवर आला कीं त्या कारागिरीचा फारसा उपयोग उरत नाहीं; बहुतेक शक्ति स्वतःचें ओझें वर नेण्यांतच खर्च होते. पैशाचा मोठेपणा तेथें पुष्कळ उतरतो. आमचा तर सगळाच उतरला; शेवटचा चढ आम्हीं सायकल हातांत धरून पायीं काढला, आणि आमच्या गटांत शेवटून तिसरे आलों!

हा ‘गट’ म्हणजेच ह्या खेळाचें मर्म होय. हौशी स्पर्धकांची वांटणी सामान्यतः पांच-पांच वर्षांच्या वयोगटांत होते, आणि वय धरावयाचें तें त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचें. मिलिंद सोमण यांनीं १९ जुलै २०१५ रोजीं झुरिचची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ चा. त्या दिवशीं त्यांस पन्नास वर्षें पुरीं झालीं नव्हतीं, तरी गणना पन्नाशीच्या गटांतली. कोल्हापूरकरांस ह्यांत नवल वाटूं नये. शाहू छत्रपतींनीं १९१२ सालीं उभारलेल्या खासबागेच्या मैदानांत जोड पाहिल्याशिवाय कुस्ती लागत नसे. गडी गड्याला साजेसा पाहिजे. विषम जोडीची कुस्ती प्रेक्षकच बसूं देत नाहींत. आमच्याकडे ती जोड अंगापिंडावरून व कसावरून ठरे, येथें जन्मतारखेवरून ठरते, इतकेंच.

परंतु जोड लागण्यापूर्वीं मैदानांत कोणास घ्यावयाचें, हा प्रश्न राहतोच. ‘हौशी’ ह्या शब्दाचा इतिहास येथें फारसा गौरवाचा नाहीं. १८७९ सालीं इंग्लंडांत हेन्लीच्या नौकाशर्यतीच्या चालकांनीं हौशी कोण ह्याची व्याख्या केली, तींत मजुरीवर अंगमेहनत करणारा कारागीर किंवा मजूर हौशी होऊंच शकत नाहीं असें ठरविलें. बक्षिसाच्या पैशाला शिवला नाहीं तरी तो बाहेरच. अंगमेहनतीनें त्याला गैरवाजवी बळ येतें, असा युक्तिवाद त्यावर करीत. आम्हांस तो निव्वळ वर्गाभिमान वाटतो.

आमच्याकडे आरंभ उलट्या बाजूनें झाला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतील गडी अनवाणी धांवतांना पाहून दोराबजी टाटांनीं १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला खेळाडू पाठविण्यांत पुढाकार घेतला. त्यांतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें १९ वे आले. मल्ल रणधीर शिंदे यांस चौथा क्रमांक मिळाला. पुढें १९५२ सालीं खाशाबा जाधवांस हेलसिंकीस जातां यावें म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर ७००० रुपयांस गहाण ठेवलें, आणि खाशाबांनीं ब्राँझपदक आणलें. हौस गड्याची खरी. पण तिचा खर्च कोणीतरी सोसावा लागला.

आतां ती हेन्लीची व्याख्या कोठेंच उरलेली नाहीं. प्रवेशपत्रिकेवर धंद्याचा रकाना होता, पण तो कोणी वाचला असेल असें वाटत नाहीं. जन्मतारीख आणि शुल्क, दोनच गोष्टी पाहिल्या गेल्या. इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हांपासून ह्या टापूंत रात्रंदिवस मागापुढें उभे राहणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. दमाची कसोटी लावावयाची तर त्यांना कोणीं शिकवावें?

शर्यतीनंतरच्या आठवड्यांत नेहमींचा तो डबेवाला सायकलस्वार रस्त्यांत थांबला. वयानें आमच्याच बरोबरीचा असावा.

“बक्षीस किती असतंय, सर?”

बक्षीस नाहीं, उलट आपणच पैसे भरावयाचे, असें आम्हीं सांगितलें. तो हंसला नाहीं. कोणाकोणाला घेतात, म्हणून त्यानें विचारलें. आम्हीं पंचावन्न ते एकोणसाठच्या गटाची व्यवस्था समजावून दिली, रविवारची पहांट, साडेसहाचा मुहूर्त, सर्व सांगितलें; सायकल साधी चालते, हेंहि सांगितलें. त्यानें आपल्या सायकलीच्या पुढच्या चाकाकडे पाहिलें.

“चढाचं कांहीं नाहीं, सर,” तो म्हणाला. “पण माझी पाळी सातला सुटती.”