असईचा हत्ती : एका गोऱ्या रिसाल्याची कथा

मराठवाड्यांत भोकरदनच्या बाजूस असई नांवाचें एक लहानसें खेडें आहे. मराठ्यांच्या इतिहासांत हें नांव पराभवाचें आहे. परंतु इंग्रजांच्या एका घोडदळानें तेंच नांव, हत्तीच्या चित्रासह, भूषण म्हणून मिरविलें. त्या घोडदळाची हिंदुस्थानांतील कारकीर्द आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाची आहे.

हैदरअल्लीचे स्वार मुलूख उजाड करीत मद्रासच्या आसपास येऊं लागले, तेव्हां कंपनीचें पायदळ त्यांच्या मागें धांवतांनाच थकून जाई. ही उणीव भरून काढण्यासाठीं १७८१ सालीं सर जॉन बर्गॉइन ह्यांनीं हिंदुस्थानाकरितां म्हणून एक रिसाला विलायतेंत उभारला. १७८२ सालीं तो मद्रासेस उतरला. इंग्लंडच्या राजाच्या घोडदळापैकीं ह्या देशांत आलेला हा पहिलाच रिसाला. १७८६ सालीं त्यास ‘एकोणिसावे लाइट ड्रॅगून्स’ हें नांव मिळालें. टिपूशीं झालेल्या दोन्ही युद्धांत तो लढला, आणि १८०० सालीं धोंडजी वाघाचा पाठलाग करून त्याचा शेवट करणाऱ्या फौजेंतही तो होता.

१८०२ च्या अखेरीस बाजीराव पेशव्यानें वसईचा तह केला, आणि पुढच्याच वर्षीं शिंदे-भोसल्यांशीं इंग्रजांचें युद्ध जुंपलें. १८०३ च्या ऑगस्टमध्यें अहमदनगर घेऊन जनरल आर्थर वेलस्ली उत्तरेकडे वळला. २३ सप्टेंबर रोजीं कैलना नदीपलीकडे मराठ्यांची अफाट छावणी त्याच्या दृष्टीस पडली. वाटाड्यांनीं जवळपास उतार नसल्याचें सांगितलें होतें. पण दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें पाहून तेथें उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें आणि नदी ओलांडली.

शिंद्यांची कवायती पायदळें पोलमन नांवाच्या जर्मन सरदाराच्या हाताखालीं होतीं. त्यांनीं चपळाईनें तोंड फिरवून नवी फळी धरली. इंग्रजांच्या उजव्या बगलेची तुकडी चुकीनें थेट असई गांवाच्या तोफांसमोर गेली; तिच्या मागोमाग चौऱ्याहत्तरावी पलटणही गेली आणि कापली जाऊं लागली. त्या क्षणीं कर्नल मॅक्स्वेल एकोणिसावा रिसाला आणि मद्रासचें देशी घोडदळ घेऊन तुटून पडला. त्या धडकेनें पलटण वांचली. पुढें माघार घेणाऱ्या पायदळावर पुन्हा चाल करतांना मॅक्स्वेल स्वतः पडला.

मराठी तोफखान्याचें शौर्य इंग्रजांनींही मान्य केलें आहे. गोलंदाज तोफांपाशींच मेले. कांहीं मेल्याचें सोंग करून पडून राहिले, आणि शत्रु पुढें जातांच उठून त्यांनीं त्याच तोफा पाठीमागून डागल्या. इंग्रजांचीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. नव्वदांहून अधिक तोफा मात्र त्यांच्या हातीं लागल्या. ह्याच दिवसाचें स्मारक म्हणून रिसाल्यास हत्तीचें चिन्ह मिळालें.

आतां दुसरा दिवस पाहूं. १८०६ सालीं मद्रास इलाख्यांतील शिपायांवर नव्या तऱ्हेची पगडी लादण्यांत आली; कपाळीं गंध लावण्यास व दाढी राखण्यास मनाई झाली. १० जुलैच्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यांतील शिपाई उठले आणि त्यांनीं झोपलेल्या गोऱ्या सैनिकांवर गोळ्या झाडल्या. शंभराहून अधिक गोरे मेले. सुमारें सोळा मैलांवरील अर्काटास ही खबर पोंचतांच कर्नल गिलेस्पी एकोणिसाव्या रिसाल्याचे स्वार घेऊन दौडत निघाला. मागून तोफा आणि देशी घोडदळ आलें. तोफांनीं दरवाजा फोडला, आणि मग कत्तल झाली. राजवाड्यांत आश्रय घेतलेल्या सुमारें शंभर शिपायांना बाहेर काढून, भिंतीशीं उभें करून ठार मारण्यांत आलें.

गिलेस्पीची ती दौड इंग्रजी पुस्तकांत पराक्रम म्हणून गाजली. परंतु सरकारास ते हुकूम मागें घ्यावे लागले, आणि गव्हर्नर बेंटिंक व सेनापति क्रॅडॉक ह्या दोघांसही परत बोलाविण्यांत आलें. शिपायांच्या तक्रारीस आधार होता, ह्याची ही कबुलीच नव्हे काय?

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. असईस आणि वेल्लोरास, दोन्ही ठिकाणीं ह्या गोऱ्या स्वारांच्या जोडीला मद्रासचे देशी स्वार होते. ज्यांच्यावर तलवार चालली ते आपले, आणि ती चालविणाऱ्यांतही आपले होते. परका रिसाला एकटा येऊन राज्य घेत नाहीं. त्याच्या बाजूनें घोडा जोडणारे ह्या भूमींतूनच मिळतात, हें त्या काळाचें कटु सत्य आहे.

वेल्लोरनंतर रिसाला लवकरच मायदेशीं परतला, कॅनडांत अमेरिकनांशीं लढला, आणि १८२१ सालीं मोडण्यांत आला. पुढें कंपनीच्या बंगालमधील एका गोऱ्या घोडदळास एकोणिसावा क्रमांक मिळाला, तेव्हां जुन्या रिसाल्याचा हत्तीही वारसा म्हणून त्याजकडे गेला. १९२२ सालीं ह्या घोडदळाचें पंधराव्या हुझारांशीं एकीकरण झालें, आणि १९९२ सालीं त्यांतून पुन्हा ‘लाइट ड्रॅगून्स’ निर्माण झाले. माणसें बदललीं, घोडे जाऊन रणगाडे आले; असईची आठवण टिकली. वेल्लोरसाठीं मात्र कोणतेंही चिन्ह कोरलें गेलें नाहीं.

सैन्यें आपल्या निशाणावर काय लिहावें तें स्वतःच ठरवितात. जें लिहिलें नाहीं तेंही वाचणें, हें इतिहासाच्या वाचकाचें काम आहे. असईच्या शेतांत पडलेले गोलंदाज आणि वेल्लोरच्या भिंतीशीं उभे केलेले शिपाई, ह्या दोघांचींही नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. तीं स्मरण्याचें ऋण आपल्याकडेच आहे.